बांधावरचं झाड आणि पहिलं चेनसॉ

"झाड कथा पडी ते नंतर सांग भो, तू कथा पळशी ते पहिले सांग."

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्याकडे एक आबा आहेत. उभं आयुष्य कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर गेलं, पन्नाशी उलटल्यावर हातात मशीन आलं. नवा पोरगा शिकायला आला की ते मशीन त्याच्या हातात देत नाहीत. आधी झाडापाशी उभं करतात आणि वरचा प्रश्न विचारतात: झाड कुठे पडेल ते नंतर सांग, तू कुठे पळशील ते आधी सांग. पोरगा बोट दाखवतो. आबा म्हणतात, मग पळून दाखव. तो निघतो आणि दहा पावलांवर ठिबकच्या नळीत पाय अडकून तोंडावर पडतो. मीही पडलो होतो.

चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळीची पेट्रोलवर चालणारी करवत, आता फवारणी पंपासारखं विकत मिळतं. दुकानदार दोरी ओढतो, मशीन गुरगुरतं, तो म्हणतो "झालं", आणि आपण ते मोटरसायकलवर बांधून घरी आणतो. मला विकणाऱ्यानं तर पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं हेही सांगितलं नव्हतं. स्वीडन-फिनलंडकडे जंगलतोडीला हार्वेस्टर असतात. चालक काचेच्या केबिनमध्ये बसतो, मशीन झाड पकडतं, कापतं, फांद्या सोलतं, तुकडेही पाडतं. आपल्या बांधावर, विहिरीच्या कडेला आणि नाल्याच्या उतारावर ती गाडी काही येणार नाही. आपल्याकडे आहे ते चेनसॉ, ट्रॅक्टर आणि अलीकडे ट्रॅक्टरवर चालणारं फांद्यांचा भुगा करणारं मशीन. या तिघांचंच इथं सांगतो.

आधी कागद

झाड आपल्या शेतात आहे म्हणून ते तोडायची मोकळीक आहे, असं नाही. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्यात काही झाडं नावानिशी दिली आहेत. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन, हिरडा, ऐन, बिजा, हळदू, तिवस आणि आपल्या धुळे-जळगावकडचं अंजन, ही सगळी त्यात येतात. ती आपल्या मालकीची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातल्यांनी तो आधी समजून घ्यावा. गाव नगरपालिकेत असेल तर 1975 चा शहरी कायदा लागतो. तोडलेलं लाकूड गाडीत भरण्याआधी वाहतूक पासाचं वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. निलगिरी, सुबाभूळ असली तरी एकदा विचाराच. रस्त्यात गाडी अडवल्यावर विचारण्यापेक्षा ते बरं.

आणि बांध कुणाचा हे नक्की करा. खान्देशात झाडामुळे जितकी भांडणं झाली त्याहून जास्त बांधामुळे झाली असतील.

मशीन आणि अंगावरचे कपडे

बाजारात 58 सीसी इंजिन आणि 22 इंची पट्टीचं (चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी) मशीन सगळीकडे दिसतं. नव्या माणसाला एवढी लांब पट्टी नको. 16 किंवा 18 इंची पुरते. पट्टी जितकी लांब, तितकं तिचं टोक डोळ्याआड राहतं, आणि सगळा घात टोकाशी आहे, ते पुढे येईलच.

घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. पुढच्या मुठीसमोरचा चेन ब्रेक पुढे ढकलल्यावर खटकन लागतो का? मागच्या मुठीवरचा खटका तळहाताने दाबल्याशिवाय रेस दबत नाही ना? आणि चेन तुटली तर तिला अडवणारा छोटा खुंटा पट्टीच्या बुडाशी, खालच्या बाजूला आहे का? जुन्या मशीनवर हा खुंटा बऱ्याचदा तुटलेला असतो.

पूर्ण रेसवर चेन सेकंदाला 20 मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने धावते, म्हणजे ताशी 72 किलोमीटरच्या पुढे. त्या वेगापुढे जीनची पँट म्हणजे कागद. चेनसॉसाठी पायावर बांधायचं वेगळं आवरण मिळतं. त्याच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जातात, चक्रीत गुंडाळतात आणि चेन जागच्या जागी अडकते. एकदा असा उपयोग झाला की ते आवरण बाद. जाळीची काच आणि कानाची टोपी लावलेलं हेल्मेट, चांगली पकड असलेले हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट, एवढं तर पाहिजेच. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. आबांना डाव्या कानाने आता फारसं ऐकू येत नाही, आणि ते स्वतःच सांगतात की कुऱ्हाडीने कान गेला नव्हता.

गळ्यातलं उपरणं काढून ठेवा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हे सगळं अंगावर चढवून दुपारी काम होत नाही हे मलाही कळतं. म्हणून कपडे कमी करू नका, वेळ बदला. उन्हाळ्यात आम्ही सहाला सुरू करतो आणि दहाला मशीन खाली ठेवतो. दहानंतर वावटळीही उठायला लागतात.

पेट्रोल, ऑइल, चेन

टू-स्ट्रोक इंजिन आहे, नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर जळून जाईल. 50 ला 1 प्रमाण असेल तर लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल, 25 ला 1 असेल तर 40 मिली. कोणतं प्रमाण ते मशीनच्या पुस्तिकेत बघा. मिश्रण महिन्याभराचंच करा. कॅन उन्हात राहिला असेल तर झाकण हळूहळू सैल करा, आत दाब तयार झालेला असतो. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका. भरलं त्या जागेपासून निदान 3 मीटर लांब जाऊनच दोरी ओढा. बिडीवाल्याला अजून लांब बसवा. मार्चनंतर सातपुड्याच्या कडेचं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं.

चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरलं की तीही भरायची, दोन्ही जोडीनेच. ऑइल येतंय का हे बघायला जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, पट्टीचं टोक त्यावर वीतभर उंच धरून थोडी रेस द्या. कागदावर ऑइलची बारीक रेघ उमटली की ठीक.

चेनचा ताण तपासायचा तो इंजिन बंद करून. चेन पट्टीच्या खालच्या कडेला चिकटलेली असावी, तरी हातमोजा घालून ओढली की सहज फिरावी. काम करता करता ती तापून सैल होते. तापलेली असताना आवळलीत तर निवल्यावर ती पट्टी ओढून धरते, म्हणून काम संपल्यावर पुन्हा थोडी सैल करून ठेवा.

धार गेली हे भुशावरून कळतं. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा काढते. पीठ दिसायला लागलं की माणूस मशीन दाबायला लागतो, आणि दाबणारा हात सुटला की कुठे जाईल हे सांगता येत नाही. 0.325 इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला 4.8 मिलीमीटरची गोल कानस लागते. दाताच्या वरच्या कडेशी 30 अंशांचा कोन धरून, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. अंजन आणि वाळलेली बाभूळ धार लवकर खातात. त्याहून लवकर खातो तो खिळा. बांधावरच्या झाडाला कधीकाळी कुंपणाची तार ठोकलेली असते, झाड वाढतं आणि तार पोटात घेतं. बुंध्यावर आडवा फुगवटा किंवा काळा डाग दिसला तर तिथे मशीन लावू नका, वीतभर वर जा.

दोरी ओढणं

मशीन जमिनीवर ठेवायचं. चेन ब्रेक लावलेला. उजवा पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, मग दोरी. एका हातात मशीन लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढणारे बहाद्दर प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडून बाकी काहीही शिका, हे सोडून.

चालवताना डावा अंगठा पुढच्या मुठीच्या खालून वळलेला हवा. मूठ नुसती वरून धरली तर झटका बसला की सुटते. मशीन अंगाजवळ, पाय फाकलेले, आणि डोकं पट्टीच्या रेषेत नाही, थोडं डावीकडे. चेन कधीही खांद्याच्या वर जाऊ द्यायची नाही. शिडीवर चढून तर मशीन सुरूच करायचं नाही.

पहिला महिना पडलेल्या लाकडावर

उभं झाड हे शेवटचं काम आहे. सुरुवात ओंडक्यापासून करा.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला की मशीन वर आणि मागे, थेट तोंडाकडे उसळतं. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याची पापणी लवण्याआधी ते होऊन जातं. मी सुबाभळीच्या फांद्या साफ करत होतो, पट्टीचं टोक मागच्या एका फांदीला लागलं जी मला दिसलीच नव्हती. चेन ब्रेक लागला आणि पट्टी हेल्मेटच्या जाळीवर आपटून थांबली. जाळीवर अजून वाकलेली खूण आहे. ते हेल्मेट मी टाकलं नाही, शेडमध्ये टांगून ठेवलंय.

दुसरी गोष्ट ताण आणि दाब. ओंडका दोन टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दाबाखाली असते, खालची ताणाखाली. वरून सरळ कापत गेलात तर काप मिटतो आणि पट्टी आत अडकते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने थोडा काप, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत, मग ताणाच्या बाजूने येऊन तो मिळवायचा. ओंडक्याचं एक टोक अधांतरी लोंबत असेल तर हे बरोबर उलटं: ताण वर, दाब खाली. कळत नसेल तर एक कोवळी फांदी गुडघ्यावर वाकवून बघा, कुठली बाजू फाटते आणि कुठली चुरगळते. वाकून अडकलेली फांदी दिसली तर ती सुटून जिकडे झेपावेल त्या बाजूला उभं राहू नका. ती सुटली की गोफणीसारखी येते.

उतारावर ओंडका कापताना नेहमी वरच्या अंगाला उभं राहा. 30 सेंटीमीटर जाडीचा, 3 मीटर लांबीचा ओल्या निलगिरीचा तुकडा दोन क्विंटलच्या आसपास भरतो. घरंगळायला लागला की पायाने अडत नाही.

झाड पाडणं

मशीन गाडीतच राहू द्या. आधी झाडाभोवती एक फेरी मारा, मान वर करून. वाळलेल्या, मोडून अडकलेल्या फांद्या, विजेच्या तारा, खोडातली ढोली आणि आग्या मोहोळ. मोहोळ असेल तर त्या दिवशी ते झाड नाही. मशीनच्या आवाजाने माश्या उठल्या की पळायलाही वाट पुरत नाही. तारेपर्यंत झाड पोचण्याची शक्यता असेल तर लाइनमनकडून प्रवाह बंद करून घ्या, आणि बंद झाल्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावू नका.

उंची मोजायला एक काठी पुरते. हात सरळ ताणून, डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी मुठीच्या वर उभी धरा. काठीचं खालचं टोक बुंध्यावर आणि वरचं शेंड्यावर बसेपर्यंत मागे सरका. जिथे थांबलात तिथून खोडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची, जमीन सपाट असेल तर. या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत दुसरा माणूस, बैल, पोरं, कोणीही नको. शेजाऱ्याची केळी आवाक्यात येत असेल तर त्याला आधीच बोलावून घ्या. घड पडल्यावर तो बोलावल्याशिवाय येतोच.

आता आबांचा प्रश्न. झाड ज्या दिशेला पडणार त्याच्या उलट बाजूला, पण सरळ मागे नाही, दोन्हीकडे तिरक्या साधारण 45 अंशांवर दोन वाटा साफ करा. नळ्या गुंडाळा, दगड बाजूला करा, बाभळीचे काटे उचला. सरळ मागे का नाही? कारण पडताना बुंधा कधी कधी मागे सटकतो. वाट झाली की एकदा चालून बघा.

मग खाच. 40 सेंटीमीटर जाडीचं सरळ झाड धरू. पडण्याच्या बाजूला आधी वरून तिरपा काप, मग खालून आडवा, दोन्ही एका रेषेत मिळाले पाहिजेत आणि एकमेकांच्या पुढे जाता कामा नयेत. खाचेची खोली जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे इथे 8 ते 10 सेंटीमीटर. तोंड निदान 45 अंश उघडं.

मागचा काप खाचेच्या तळापेक्षा 3 ते 5 सेंटीमीटर उंच, आडवा. तो आरपार न्यायचा नाही. खाच आणि मागचा काप यांच्या मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, इथे 4 सेंटीमीटर, न कापलेल्या लाकडाची पट्टी उभी ठेवायची. ही झाडाची बिजागरी. दार बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर फिरत खाली येतं. ती एका बाजूला पातळ कापली गेली तर झाड दुसरीकडे ओढतं, पूर्ण कापली तर त्याला कुणी धरलेलंच नसतं, ते वाटेल तिकडे जातं. शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: झाड हलत नाही म्हणून अजून थोडं, अजून थोडं कापत राहणं. झाड हलत नसेल तर पाचर ठोका. मागच्या कापात जागा झाली की लगेच पाचर बसवायची, बाभळीच्या लाकडाची किंवा प्लॅस्टिकची. लोखंडी पाचर चेनला लागली की दात गेले.

वारा सुटला तर अर्धवट कापलेल्या झाडापाशी थांबायचं नाही आणि तसं सोडूनही जायचं नाही, म्हणून वाऱ्याचा अंदाज कापाआधी घ्या. शेंडे डोलताना दिसले की आबा म्हणतात, "वारा सुटना, मशीन बंद कर," आणि त्या दिवशी फक्त पडलेलं लाकूड कापतात.

मागचा काप उघडायला लागला, शेंडा सरकला, की मशीन बाहेर काढा, ब्रेक लावा, ठरवलेल्या वाटेने निघा. निदान 5 मीटर, नजर वर. झाड पडल्यावरही लगेच परत येऊ नका. वर अडकलेली फांदी मागाहून येते.

कललेली झाडं आणि विशेषतः निलगिरी सुरुवातीला सोडून द्या. निलगिरीच्या खोडात आतून ताण असतो. कललेल्या बाजूलाच पाडायला मागून साधा काप दिला तर खोड उभं फाटतं आणि मागचा अर्धा भाग घोड्याच्या लाथेसारखा वर उसळतो. त्याचा काप वेगळा असतो. तो बघून, शेजारी उभं राहून शिकायचा, वाचून नाही.

अडकलेलं झाड आणि ट्रॅक्टर

पडताना झाड दुसऱ्या झाडात अडकलं तर त्याच्या खाली जायचं नाही, ज्यात अडकलं ते झाड कापायचं नाही, आणि अडकलेल्याच्या बुंध्याचे तुकडे पाडत बसायचं नाही. दोरखंड लावून ट्रॅक्टरने बुंधा मागे ओढायचा. दोरखंड झाडाच्या उंचीपेक्षा लांब हवा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभं नको.

ट्रॅक्टरला दोर फक्त मागच्या खालच्या ड्रॉबारला बांधा. टॉप लिंकला किंवा धुऱ्याच्या वर बांधलं आणि ओंडका अडला, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो. हे फार पटकन होतं, क्लचवर पाय जाईपर्यंतही वेळ मिळत नाही. पहिल्या गियरमध्ये, क्लच हळू सोडत ओढा.

फांद्यांचं मशीन

ट्रॅक्टरच्या पीटीओचा, म्हणजे मागे जोडलेलं मशीन फिरवणारा, शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला 9. साडीचा पदर त्यात गेला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आपल्याकडे फांद्या गोळा करायला बायाच असतात, म्हणून पदर खोचून वरून शर्ट घालायचा हा नियम आम्ही हजेरी लिहितानाच पाळतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं असेल तर त्या दिवशी मशीन लावायचं नाही. फांदी बुडख्याकडून आत सोडायची, बाजूला उभं राहून, आणि ओढली जायला लागली की हात सोडायचा. अडकलं तर पीटीओ बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट, मगच झाकण. लाथ मारून फांदी आत ढकलणारा माणूस दिसला तर त्याचा हिशोब करून त्याला घरी पाठवा.

एकट्याने नको

चेनसॉचं काम एकट्याने करायचं नाही. दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर, पण धोक्याच्या अंतराबाहेर. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी. जखमेवर बांधायच्या जाड पट्ट्या आणि स्वच्छ कापड डिकीत नाही, खिशात. जखम झाली तर त्यावर दाब द्यायचा आणि तो काढायचा नाही, मग 108. सातपुड्यात आत गेलात तर मोबाईलला रेंज कुठे मिळते ती जागा काम सुरू करण्याआधी चालून शोधून ठेवा. आमच्याकडे ती मारुतीच्या चबुतऱ्यावर मिळते, खाली ओट्यावर मिळत नाही.

संध्याकाळी एअर फिल्टर झटकून धुवा, खान्देशातल्या मातीत तो रोज भरतो. पट्टीच्या खाचेतला भुसा सळईने काढा आणि पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून उरलेलं पेट्रोल मशीन बंद पडेपर्यंत जाळा, पट्टीवर आवरण चढवा आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा खुंटीवर टांगा.